मावशीची दक्षिणा

म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचे पैसे घ्यायचे, हे धर्माला धरून आहे का? रत्नागिरीत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, कुणी तोंडावर, कुणी आडून. मी घरोघरी सोबतीला आणि शुश्रूषेला माणसं, बहुतेक बायकाच, पाठवण्याचं काम करते. कुणी त्याला आया ब्युरो म्हणतं, कुणी होम केअर. इंजेक्शन, सलाईन, नळ्या, जखमेचं ड्रेसिंग यातलं काही आम्ही करत नाही. ते सिस्टरचं काम. आमच्या मावश्या अंघोळ घालतात, कपडे बदलतात, भरवतात, कुशीवर वळवतात, संडासला नेतात, रात्री उशाशी जागतात, पेपर वाचून दाखवतात. घरातली बायको, सून, लेक आजवर जे करत आली आणि ज्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, तेच हे काम. आता त्याचा हिशेब होतो, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजले जातात, म्हणून प्रश्न उभा राहतो.

प्रश्न खरा आहे, आणि तो बाजूला सारून हे काम सुरू करू नये असं माझं मत आहे. शॉप ॲक्टची नोंद, उद्यमची नोंद, मावश्यांच्या आधारच्या प्रती, पोलिसांकडची पडताळणी, करारपत्र ही तयारी धावपळ केली की होते. पण ज्या घरात आपण माणूस पाठवतो, तिथे आपण नेमकं काय विकतो आहोत, आणि विकता येणार नाही असं काय तिथे उरतं, हे स्वतःशी स्पष्ट नसेल, तर कागद कितीही चोख असले तरी काम चोख होत नाही.

आमच्या जिल्ह्यात ही गरज कशी निर्माण झाली हे आकडेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, राज्यात सर्वांत जास्त. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. देशभर माणसं वाढत होती आणि इथे घटत होती. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्यांची पिढी संपली, मग बँकांत आणि कंपन्यांत गेलेल्यांची आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मुंबईचा प्रवास सोपा झाला. तरुण माणसं मात्र अजून त्याच दिशेने जातात. मागे पडवी-माजघराची घरं राहतात आणि त्यांत एकटी आजी किंवा दोघं म्हातारे. ‘घर बंद करून चला आमच्याकडे’ असं मुलं मनापासून म्हणतात. पण देवघरातले देव, दारची तुळस आणि आगरातली झाडं सोडून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जायला म्हातारी तयार होत नाही, आणि तिचंही काही चुकत नाही.

माझे वडील भिक्षुकी करत. सत्यनारायण, लघुरुद्र, वास्तुशांत, श्राद्धपक्ष. पहाटे निघायचे, पायी किंवा एसटीने तीन-चार गावं फिरून संध्याकाळी परत. दक्षिणा हातात पडल्याशिवाय कर्माची सांगता होत नाही, असं ते यजमानाला स्पष्ट सांगत, आणि त्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. त्या दक्षिणेवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं. दक्षिणा घेतली म्हणून वडिलांचे मंत्र खोटे झाले, पूजा बाजारू झाली, असं सबंध पंचक्रोशीत कुणी म्हटलं नाही. मग परक्या आजींचा ओला बिछाना पहाटे बदलणारी बाई पैसे घेते म्हणून तिची सेवा खोटी कशी होते? वडिलांना दक्षिणा विड्याच्या पानांवर ठेवून, नमस्कार करून मिळे. मावशीचा पगार पुष्कळ घरांत घासाघीस करून ठरतो आणि आठ दिवस उशिरा मिळतो. हा फरक धर्माने केलेला आहे की आपण, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

काही अंशी तो ग्रंथांतच आहे, हे मान्य केलं पाहिजे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात चाकरीला कुत्र्याची वृत्ती म्हटलं आहे आणि ब्राह्मणाने ती टाळावी असं सांगितलं आहे. दुसरीकडे संतांनी सेवेला भक्तीच्या बरोबरीने बसवलं. आईबापांचे पाय चेपण्यासाठी पुंडलिकाने देवाला विटेवर उभं केलं, ही कथा आपल्या घराघरांत आहे. या दोन्हींची सरमिसळ होऊन आपल्या मनात एक अन्यायी रीत बसली: तेच काम फुकट केलं तर पूजा, आणि पैसे घेऊन केलं तर हलकं. जिच्या घरात खायला आहे तिलाच पुण्य परवडतं. जिची चूल मजुरीवर पेटते, तिच्या वाट्याला हलकेपणा.

पण आपल्याच परंपरेत तिसरा आवाजही आहे आणि तो वैद्यांचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. एक पाय लंगडा असला तर काम बिघडतं. परिचारकाचे गुणही चार: शुश्रूषेची माहिती, हाताचं कौशल्य, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता. पुढे पंधराव्या अध्यायात श्रीमंताच्या घरी उपचाराची सिद्धता करताना कोण कोण माणसं हवीत, त्याची यादी येते. स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रोग्याला उठवून बसवणारे, निजवणारे, औषधं वाटणारे. शिवाय गाणी म्हणणारे, गोष्टी आणि पुराणं सांगणारे. आमच्या मावश्यांच्या कामाची यादी दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या बारकाईने लिहून ठेवली होती, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बळ आलं. उठवून बसवणारा आणि निजवणारा ही वेगळी कामं म्हणून मोजली आहेत. ज्याने अर्धांगाच्या माणसाला कधी उठवून बसवलं आहे, त्यालाच कळेल की ती का मोजली.

आणि दुसरी गोष्ट. मळाला हात लावणाऱ्याला समाजाने अशुद्ध ठरवलं. चरकाने मात्र स्वच्छता हा परिचारकाचा गुण म्हणून सांगितला. आजही फोनवर आडवळणाने विचारणा होते, ‘बाई कुणातली आहे?’ याच गावात सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना एका गाभाऱ्यापर्यंत नेण्यासाठी. तो प्रश्न आला की मी सांगते, हात स्वच्छ धुणाऱ्यातली आहे. तेवढं पुरत नसेल तर मी माणूस पाठवत नाही.

आता चरकाच्या यादीतला अवघड शब्द: प्रेम. माहिती शिकवता येते, कौशल्य सरावाने येतं, स्वच्छतेची शिस्त लावता येते. प्रेम पगारावर कसं मागायचं? पैसे घेण्यावरचा खरा आक्षेप हाच आहे, की जे विकत मिळतं ते प्रेम नव्हे.

याचं उत्तर मला एका मावशीने दिलं. इथल्याच कुवारबावजवळच्या एका घरी मी नवीन मुलीला घेऊन काम दाखवायला गेले होते. मावशी आजींना स्पंजिंग करत होती. आधी पंखा बंद, खिडकी लोटलेली. दोन बादल्या, कोमट पाणी, साबणाचा कपडा वेगळा, साध्या पाण्याचा वेगळा. अंगावर चादर पुरती पांघरलेली आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा: एक हात, मग तो झाकायचा, मग दुसरा. पाठीकडे आली तेव्हा आजींचा पलीकडचा गुडघा दुमडून, खांद्याला आणि कमरेला हात देऊन तिने त्यांना अलगद आपल्याकडे वळवलं. माकडहाडावर, टाचांवर, कोपरांवर बोटं फिरवून कुठे लाली धरली आहे का ते पाहिलं. हे सगळं करताना ती बोलत होती, ‘आजी, आता डावा हात हां’, ‘आता पाणी लागेल’. आजींना बोलता येत नव्हतं. नंतर बाहेर पडवीत मी तिला विचारलं, इतकी माया कुठून आणतेस? ती म्हणाली, ‘आणायची कशाला ताई, हात लावल्याशिवाय माया येत नाय. हात लावला की येते.’

मला वाटतं, यात तत्त्वज्ञान आहे. आपण समजतो, आधी प्रेम असतं आणि त्यातून सेवा घडते. आईच्या बाबतीत तसं असेलही. पण जगातलं पुष्कळ प्रेम उलट्या वाटेने येतं. आधी काम असतं, रोज तेच शरीर हाताखालून जातं, त्याची दुखरी जागा कळते, आवडनिवड कळते, आणि माया धरते. पगार मावशीला दारापर्यंत आणतो. दाराच्या आत जे होतं ते पगाराने होत नाही, पण पगाराशिवाय ती दारापर्यंत आलीच नसती. पैसा तिथे प्रेमाचा वैरी नाही. प्रेमाला सवड मिळवून देणारा तो आहे.

म्हणून कुणी मावशीला सांगतं, ‘पुण्याचं काम आहे, थोडं कमी घे’, तेव्हा मी मध्ये पडते. लोकमान्य टिळक याच गावात १८५६ मध्ये जन्मले. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं आणि कर्म सोडायचं नाही, फळाची आसक्ती सोडायची, असा गीतेचा अर्थ लावला. तो अर्थ मी मानते. पण गीतेतला उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःच्या मनाशी धरायचा आहे. निष्काम हो, असं आपण स्वतःला सांगतो तेव्हा ती साधना असते. तेच आपण आपल्याकडे राबणाऱ्या बाईला सांगतो, तेव्हा ती फुकट कामाची मागणी असते. फळाची आसक्ती सोडायचीच असेल तर ती पगार देणाऱ्याने, आईच्या सेवेचं श्रेय मिळवण्याची, सोडावी.

महाराष्ट्राला हे शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. परक्या पुरुषांना स्पर्श, कुणाकुणाचा मळ, यावरून त्या काळी किती बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते. पण त्या मुली कमावत्या झाल्या. राबणं त्यांच्यातल्या कित्येकींना सासरी-माहेरी सुटलेलं नव्हतंच. आता त्या राबण्याला शिक्षण, पगार आणि नाव मिळालं.

सेवा घेणाऱ्याच्या बाजूनेही हा विचार केला पाहिजे. तो आपल्याकडे फारसा होत नाही. आयुष्यभर मास्तरकी केलेले एक गृहस्थ होते. पत्नी गेलेली, सून अतिशय चांगली. पण कंबरेखालचं स्वच्छ करायला सून आली की ते डोळे मिटून घेत आणि दिवसभर बोलत नसत. आमच्याकडचा माणूस जायला लागल्यावर ते पुन्हा बोलू लागले. मला म्हणाले, ‘याला मी पैसे देतो, म्हणून याला हाक मारता येते.’ उपकार घेण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याला त्या उपकाराचं ओझं होतं. मोबदला दिला की ते उतरतं, माणूस ताठ राहतो. आपलं म्हातारपण आपण आपल्या पेन्शनमधून पेलतो आहोत, ही जाणीव औषधाइतकी गुणकारी असते.

सेवा घेणं हीदेखील साधना होऊ शकते, याचं उदाहरण रत्नागिरीपासून जवळच पावसला आहे. १९३४ च्या कठीण आजारपणानंतर स्वामी स्वरूपानंद तिथल्या देसाई कुटुंबाच्या घरी राहिले आणि १९७४ मध्ये देह ठेवीपर्यंत, सुमारे चाळीस वर्षं, तिथेच राहिले. नाजूक प्रकृतीचा एक माणूस एका गृहस्थाच्या घरात चाळीस वर्षं राहतो आणि त्या घराचं तीर्थ होतं. तिथे गेले की मला वाटतं, घेणाऱ्याची कृतज्ञता आणि देणाऱ्याची सवड एकत्र आली की हे घडतं.

इथवर मी मावशीची बाजू मांडली. आता मुलांची. पैसे देऊन माणूस ठेवला की आपलं ऋण फिटलं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मला वडिलांच्या विद्येतूनच मिळालं.

यज्ञ करणारा यजमान स्वतः सगळे मंत्र म्हणत नाही, सगळ्या आहुती टाकत नाही. त्यासाठी ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, दक्षिणा देऊन नेमलेले असतात. जैमिनीच्या मीमांसेत याची सविस्तर चर्चा आहे. दक्षिणा ही ऋत्विजांच्या कामाचा मोबदला आहे असं तिथे सरळ मानलं आहे, आणि काम ऋत्विजांनी केलं तरी यज्ञाचं फळ यजमानाला मिळतं. म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याकडून धर्मकृत्य करवून घेणं शास्त्राला मान्य आहे. पण एक गोष्ट मीमांसकांनी यजमानाकडेच ठेवली: त्याग. द्रव्यावरचा आपला हक्क सोडायचा, हे माझं नाही असं म्हणायचं, ते त्याचं त्याने. यजमानाच्या जागी दुसरा यजमान बसवता येत नाही. घरच्या साध्या पूजेतही हे दिसतं. गुरुजी सगळं सांगतात, सगळं म्हणतात. संकल्पाचं उदक पळीने ताम्हनात सोडायला मात्र हात यजमानाचा लागतो. कोट्यधीश असला तरी तेवढ्यापुरता त्याला पाटावर बसावं लागतं.

आईबापांच्या सेवेत मुलाचं उदक कोणतं, हा खरा धर्माचा प्रश्न आहे. अंघोळ, भरवणं, जागरण ही ऋत्विजाची कामं. ती मावशीने करावीत, मान आणि मोबदला घेऊन करावीत, मुलांना त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण मुलाने आपलं म्हणून काहीतरी सोडलं पाहिजे, आणि ते पैशापलीकडचं असलं पाहिजे, कारण पैसा तर दक्षिणेत गेला. त्याच्याकडे सोडण्यासारखं उरतं ते म्हणजे वेळ, सोय आणि किळस.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मांसाचं दुकान चालवतो. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो, तेव्हा व्याध त्याला घरात नेतो आणि आपले म्हातारे आईबाप दाखवतो: हे माझे देव. मग सांगतो, तू आईबापांना टाकून वेदाभ्यासाला निघालास, आधी घरी जा. दिवसभर बाजारात बसणारा माणूस हे सांगतो, याला महत्त्व आहे. व्याधाने दुकान बंद केलेलं नाही. तो संध्याकाळी घरी जातो.

कायदाही इथपर्यंत येऊन थांबतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला, न्यायाधिकरणं नेमली, महिना १० हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवून देण्याची तरतूद केली. ते आवश्यकच होतं. पण कायदा दक्षिणा वसूल करून देऊ शकतो. उदक कुणाकडून सोडवून घेऊ शकत नाही.

म्हणून मी करारपत्रात एक कलम घातलं आहे. गणपती बसल्यापासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत मावशीला भरपगारी सुटी. पहिल्या वर्षी लोक रागावले. नेमके घरात पाहुणे, आणि माणूस नाही? पण मावशीच्याही घरी गणपती असतो, तिचाही मुलगा मुंबईहून आलेला असतो. आणि चाकरमानी घरी असतात ते याच दिवसांत. मग आईची शुश्रूषा त्यांनी करायची. आदल्या दिवशी मी आणि मावशी जाऊन शिकवतो.

बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ होते. वडिलांना कुशीवर वळवताना त्यांचे हात थरथरत होते; कुठे धरावं तेच कळत नव्हतं. मावशीने त्यांचा तळवा धरून वडिलांच्या खांद्याच्या पाळीमागे ठेवला, दुसरा कमरेखाली. ‘ओढू नका, तुमच्याकडे येऊ द्या,’ म्हणाली. वडील वळले आणि त्यांचं तोंड मुलाच्या छातीशी आलं. मग भरवणं: मऊ भात, वर मेतकूट, चमचा अर्धाच, घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास टेकून बसवायचं. त्या एका जेवणाला पाऊण तास लागला. आरतीला बाहेरून हाका येत होत्या आणि ते उठले नाहीत. विसर्जनानंतर मावशी कामावर हजर झाली, तेव्हा त्यांनी तिचा पगार आपण होऊन वाढवला. मी सांगितलं नव्हतं. तिच्या कामाची किंमत त्यांच्या हातांना कळली होती.

मुलाने स्वतः हात लावणं आणि मावशीला मान-मोबदला मिळणं, या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, असं मी आता खात्रीने म्हणते. जो स्वतः कधी हात लावत नाही, त्याला मावशीचा पगार नेहमी जास्त वाटतो. जो वर्षातून पाच दिवस का होईना हात लावतो, त्याच्या घरात मावशीला चहा वेळेवर मिळतो, तिला बसायला खुर्ची मिळते, पगार एक तारखेला मिळतो. आणि ज्या घरात मावशीला मान आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला सहसा जखमा होत नाहीत. मुलाचा त्याग, मावशीची दक्षिणा आणि आईची सुखाची झोप हे एकाच कर्माचे भाग आहेत.

ज्यांना मूलबाळ नाही, त्यांच्या घरात ते स्वतःच यजमान असतात. अशा एक आजी दर महिन्याला पगाराचं पाकीट स्वतःच्या हाताने देतात आणि ते देईपर्यंत मावशीला उभं राहू देत नाहीत. समोर बसवतात, मग देतात.

चिपळूण, खेड, राजापूर, सावंतवाडीकडून मला विचारणा होते, आम्हालाही असं काम सुरू करायचं आहे, काय तयारी लागेल? कागदपत्रांची यादी मी देतेच. त्याशिवाय दोन गोष्टी सांगते. मावशीच्या मोबदल्याला पुण्याची सवलत मागणाऱ्या घरी माणूस पाठवू नका. आणि घरच्या माणसांसाठी काहीतरी काम राखून ठेवा, मग ते आठवड्यातलं एक जेवण असो की रात्रीची एक वळवणी. सगळंच आम्ही करतो, तुम्ही निर्धास्त राहा, असं वचन देऊ नका. ते पाळता येतं. पण पाळलं, तर त्या घरातल्या मुलांचा हक्क आपण हिरावून घेतो.